दम वाढवाल, पण पकड?

मुलांनो, आमच्या सातपूर-अंबडकडच्या मुलांना गाड्यांचं वेड लावावं लागत नाही, ते घरातच असतं. कुणाचे बाबा गाड्यांच्या कारखान्यात, कुणाची आई सुट्या भागांच्या कंपनीत. २००२ साली बाजारात आलेली महिंद्राची स्कॉर्पिओ आपल्या नाशिकच्याच कारखान्यातून देशभर गेली. सातपूरच्या ज्या बॉश कारखान्याला जुनी माणसं अजून ‘मायको’च म्हणतात, तो डिझेल इंजिनात इंधनाची फवारणी करणाऱ्या भागांसाठी ओळखला जातो. त्यामुळे मधल्या सुट्टीत माझ्या चौथीच्या वर्गात डब्यातल्या भाजीपेक्षा ‘पिकअप’ आणि ‘टर्बो’ यांचीच चर्चा जास्त! मी काही इंजिनिअर नाही. पण माझे वडील फिटर होते, त्यामुळे पान्या-पकडींशी माझी ओळख जुनी आहे.

तर हा टर्बो म्हणजे काय? आजीची चूल आठवा. लाकडं आहेत, पण जाळ धरत नाही. मग आजी फुंकणी घेते आणि फुंकर मारते. हवा मिळाली की जाळ भडकतो. इंजिनाचंही तसंच आहे. जास्त इंधन जाळायचं तर जास्त हवा हवी. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. गंमत अशी, की ही फुंकणी चालते इंजिनाच्याच धुरावर! एका दांड्यावर दोन छोटी चाकं असतात. बाहेर जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक ताजी हवा दाबून आत ढकलतं. ही चाकं मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतात. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं.

गेल्या पावसाळ्यात वर्गातला एक मुलगा ऐटीत म्हणाला, “बाई, माझा दादा गाडीला मोठ्ठा टर्बो बसवणार आहे. मग आम्ही सगळ्यांच्या पुढे!” हा दादाही माझाच विद्यार्थी. पाढ्यांत कच्चा, पण तुटलेलं दप्तर तारेने जोडण्यात पहिला. आता कामाला लागला आहे आणि त्याने जुनी स्कॉर्पिओ घेतली आहे. शनिवारी तो धाकट्याला न्यायला आला, तेव्हा मी त्याला फाटकापाशीच गाठलं.

“बाई, गाडीत दम राहिला नाही,” तो म्हणाला. “मोठा टर्बो टाकतो, इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घेतो. मग घाटात कुणाला ऐकणार नाही!”

“आणि ब्रेक?”

“ब्रेक कंपनीचेच आहेत की.”

“अरे, कंपनीने ब्रेक दिले ते कंपनीने दिलेल्या ताकदीला धरून. ताकद तू वाढवणार, मग ब्रेक कोण वाढवणार?”

तो नुसता हसला. आम्ही दोघांनी वाकून टायर पाहिले. मागच्या दोन्ही टायरच्या खाचा जवळजवळ बुजल्या होत्या. मागच्या सीटवर धाकट्याचं दप्तर आणि छत्री पडली होती. दर महिन्याला हे दोघं याच गाडीतून कसारा घाट उतरून शहापूरला आजीकडे जातात. ती छत्री पाहून माझ्या पोटात गोळा आला.

मग मी त्याला एक खरी गोष्ट सांगितली. १९७५ साली जर्मनीच्या पोर्श कंपनीने ९११ टर्बो ही गाडी आणली. ताकद २६० अश्वशक्ती. इंजिन पार मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे. त्या काळचा टर्बो पेडल दाबल्याबरोबर जागा होत नसे. त्याचं चाक वेगात यायला थोडा वेळ लागे आणि मग सगळी ताकद एकदम येई. नेमकी वळणावर आली तर मागची चाकं घसरत. चालक घाबरून पेडलवरून पाय काढी. मग गाडीचा भार पुढे झुके, मागची चाकं आणखी हलकी होत आणि शेपूट फिरून गाडी उलटी तोंड करून उभी राही! लोकांनी तिला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकांना विधवा करणारी, असं भयंकर नाव ठेवलं. पण पुढचं ऐका. १९७८ साली कंपनीने ताकद ३०० अश्वशक्तीवर नेली, तेव्हा आपल्या ९१७ या शर्यतीच्या गाडीच्या धर्तीचे जबरदस्त ब्रेकही बसवले. ताकद वाढवली, तसं तिला आवरणारंही वाढवलं.

मुलांनो, एवढी मोठी गाडी रस्त्याला टेकते किती जागेवर? प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. म्हणजे चार तळहात! पळणं, थांबणं आणि वळणं, तिन्ही कामं या चार तळहातांच्या पकडीवर. ही पकड खाऊच्या पैशांसारखी असते. वेग घेण्यात जास्त उडवली, की वळायला कमी उरते. पुढच्या चाकांना ताकद मिळत असेल तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते, मागच्या चाकांना मिळत असेल तर शेपूट बाहेर फेकते. पाऊस पडला की पकड आधीच कमी. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबवण्याचं काम चौपट होतं. घाट उतरताना सारखे दाबलेले ब्रेक तापतात आणि फार तापले की पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही.

नाशिकच्या परिसरात मोटारींच्या रॅली झाल्या आहेत. तिथल्या गाड्याही बदललेल्या असतात, पण त्यांत लोखंडी पिंजरा असतो, चालकाला हेल्मेट असतं, शेजारचा साथीदार पुढचं वळण वाचून सांगतो आणि रस्ता इतरांसाठी बंद असतो. कसारा घाटात मात्र समोर एसटी असते, कांद्याचा ट्रक असतो. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मनाला येतील ते फेरफार करायला मनाई केली आहे.

दादा तेव्हा काही बोलला नाही. उलट “बाई, पैसे माझे आहेत,” एवढंच पुटपुटला. पण धाकटा सगळं ऐकत होता. त्याने गाडीत बसताना विचारलं, “दादा, आपले तळहात गुळगुळीत झालेत का रे?”

दिवाळीच्या सुट्टीनंतर धाकट्याने बातमी आणली. चारही टायर नवे आले, ब्रेकही दुरुस्त करून घेतले. पैसे तिथेच संपले. टर्बोचा विचार दादाने सोडलेला नाही, तूर्त बाजूला ठेवला आहे म्हणे. असू दे. तेवढ्यात त्यांच्या आजीकडच्या फेऱ्या नव्या टायरवर झाल्या, हे काय कमी आहे?

आता तुमचं काम. कारच्या टायरच्या खाचा कमीत कमी १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की तो बदलायची वेळ झाली. आई-बाबांना सोबत घेऊन, गाडी उभी असताना, हे उंचवटे शोधा. गाडी नसेल तर सायकलच्या ब्रेकची रबरं पाहा. आणि कुणी “आमची गाडी किती पळते!” असं सांगू लागलं, तर त्याला हळूच विचारा, “आणि थांबते किती लवकर?”