ओरडणे नव्हे, ती हजेरी



सातवीच्या मुलांनी गेल्या महिन्यात आमच्याकडे एक अर्ज दिला आहे. शाळेच्या मागच्या व्हरांड्यात कॉकाटील पक्ष्यांची एक जोडी पाळावी, खर्च खाऊच्या पैशांतून करू, पिंजरा आळीपाळीने साफ करू, असे त्यात लिहिले आहे. शुद्धलेखनाच्या चार चुका सोडल्या तर अर्ज नीटनेटका आहे. विश्वस्त मंडळाने त्यावर आमचे मत मागितले. ते बंद पाकिटात न देता इथे सर्वांसमोर मांडावे असे आम्हाला वाटले, कारण हल्ली पेडण्यात काय आणि डिचोलीत काय, बऱ्याच घरांच्या सोप्यावर हा पक्षी दिसतो. तो आणला जातो हौसेने, पण त्याचा स्वभाव कळलेला नसतो. मग त्रास माणसांनाही होतो आणि पक्ष्यालाही.

प्रथम ओळख करून घेऊ. दुकानदार या पक्ष्याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात आणि गोव्यात तो शब्द ऐकून पाहुणे भलताच अर्थ घेतात! खरे नाव कॉकाटील. ज्याला आपण मराठीत काकाकुवा म्हणतो, त्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी. लांबी साधारण तीस ते तेहेतीस सेंटिमीटर, त्यातली निम्मी शेपटीच. वजन ऐंशी ते शंभर ग्रॅम, म्हणजे एका मध्यम टोमॅटोएवढे. डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी टिकली. मूळ गाव ऑस्ट्रेलियाचा आतला कोरडा प्रदेश, जिथे अनेक ठिकाणी वर्षाला तीनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तिथे हे पक्षी थव्याने राहतात, पाणी आणि गवताचे बी शोधत गावोगाव फिरतात आणि जमिनीवर उतरून दाणे टिपतात. जमिनीवर टिपणाऱ्या पक्ष्याला ससाण्याचे भय सदैव असते. एकाने पाहिले की सगळ्यांनी एकदम उडायचे, हा त्यांचा नियम. ‘थवा’ आणि ‘भय’ हे दोन शब्द लक्षात ठेवले की या पक्ष्याचा अर्धा स्वभाव समजला.

आपल्या रानातले कीर वेगळे. लाल कंठाचा कीर, पश्चिम घाटाखेरीज कुठेही न आढळणारा निळ्या पंखांचा कीर, वटवाघळासारखा उलटा लटकून झोपणारा चिमुकला पोपट, हे सगळे आपले सोयरे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणे, विकणे किंवा घरात पाळणे हा गुन्हा आहे. उन्हाळ्यात वाळलेल्या माडाच्या ढोलीतून पिल्ले काढणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. परदेशी काकाकुव्यांपैकी मोठ्या जाती कोणी बाळगल्या असतील, तर २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. कॉकाटील त्या यादीत नाही, म्हणून तो सहज मिळतो. सहज मिळतो, म्हणून सहज आणला जातो.

आता स्वभावाकडे येऊ. पालकांची पहिली तक्रार असते, ‘हा चावतो.’ आमचे निरीक्षण असे की कॉकाटील न सांगता क्वचितच चावतो. तो आधी तुऱ्याने बोलतो. तुरा ताठ उभा असेल तर तो दचकला आहे किंवा सावध झाला आहे. तुरा सैल, अर्धवट मागे झुकलेला असेल तर मन स्वस्थ आहे. तुरा डोक्याला अगदी चिकटला, अंग आक्रसले आणि तोंडातून फुत्कार निघाला, तर त्याने ‘हात मागे घ्या’ असे स्पष्ट सांगितले आहे. एवढे सांगूनही हात पुढे आला, की मग चोच. मान खाली घालून डोके पुढे केले, तर खाजवून द्या असे आर्जव समजावे. झोपण्यापूर्वी चोच चोचीवर घासल्याचा करकर आवाज येतो, ते समाधानाचे लक्षण. नर शिट्ट्या मारतो, सूर उचलतो, क्वचित दोनचार शब्दही बोलतो. मादी बहुधा शांत असते. अंडी उबवायची वेळ आली की साधारणपणे दिवसा नर बसतो आणि रात्री मादी. घरकामाची ही वाटणी आमच्या शिक्षककक्षातल्या भगिनींना फार आवडली.

दुसरी तक्रार अधिक गंभीर असते, ओरडण्याची. गेल्या वर्षी जानेवारीत दहावीतल्या एका मुलाचे वडील कार्यालयात आले. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, “सर, हो दीसभर बोब मारता. भुरग्याचो अभ्यास जायना. आयतारा चोर्ल्याच्या घाटार व्हरून सोडटां.” त्यांच्या घरच्या कॉकाटीलचे नाव बाबलो. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टासाठीच आणलेला. वडील मनाने वाईट नव्हेत. रानात सोडणे म्हणजे मुक्ती देणे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आम्ही त्यांना सांगितले की ऑस्ट्रेलियाने आपले रानपक्षी व्यापारासाठी बाहेर धाडणे कित्येक दशकांपूर्वी बंद केले. आज आपल्याकडे विकले जाणारे कॉकाटील पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. चोर्ल्याच्या जंगलात त्यांच्या ओळखीचे गवत नाही, थवा नाही आणि शिक्रा कोणता हे शिकवणारे कोणी नाही. ती मुक्ती दोन दिवसांत संपते. मग आम्ही त्यांच्या हाती एक कोरी वही दिली आणि दोन आठवडे मागून घेतले. पक्षी केव्हा ओरडला आणि त्या वेळी घरातले कोण कुठे होते, एवढेच लिहायचे.

दोन आठवड्यांनी वही आली. बाबलो दिवसभर ओरडत नव्हता. सकाळी मुलगा शिकवणीला निघाला की ओरडायचा. संध्याकाळी मुलाने खोलीचे दार लावले की ओरडायचा. सगळी मंडळी सोप्यावर चहा घेत बसली असताना त्याने एकदाही आवाज केला नव्हता. कारण उघड होते. थव्यातला सोबती दिसेनासा झाला की कॉकाटील हाक मारतो, ‘कुठे आहेस?’ रानात त्याला लगेच उत्तर मिळते. घरात उत्तर मिळाले नाही की तो दुप्पट जोराने विचारतो. आम्ही शिक्षक रोज सकाळी जे करतो तेच तो करतो. तो हजेरी घेतो. वर्गात नाव पुकारले आणि कोणी ‘हजर’ म्हटले नाही, तर आमचाही आवाज चढतोच की!

उपाय साधे होते. पिंजरा मागच्या पडवीतून आणून मुलाच्या खोलीचे दार दिसेल अशा जागी ठेवला. पक्ष्याने हळू शिट्टी घातली की मुलाने आतूनच एक शिट्टी परत द्यायची, मोठ्याने ओरडला तर मात्र धावत जायचे नाही, नाहीतर ओरडणेच फायद्याचे आहे असे तो शिकतो. रोज संध्याकाळी वीस मिनिटे त्याला बाहेर काढून खांद्यावर घ्यायचे. मुलाच्या आईने विचारले, “म्हणजे दहावीचा अभ्यास सोडून शिट्ट्या मारायच्या?” प्रश्न रास्त होता. पण महिनाभरात ओरडणे बरेच कमी झाले. पूर्ण थांबले नाही. बोलक्या पक्ष्याकडून तशी अपेक्षाही धरू नये. मुलगा पास झाला. त्याचे श्रेय पक्ष्याला देण्याचा आमचा विचार नाही. वहीच्या शेवटच्या पानावर वडिलांनी न विचारता एक ओळ लिहिली होती, तिचा मतितार्थ असा : मुलगाही हल्ली दार लावून बसायचा, जेवायला बोलावले तरी ओ देत नसे, पक्ष्याला ओ देऊ लागल्यापासून आम्हालाही देतो. ती वही आमच्या कपाटात आहे.

आमचे पदवीचे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत बेइमान माणसाला ‘तोताचश्म’ म्हणतात, म्हणजे पोपटासारखा डोळे फिरवणारा. मराठीत न समजता घोकण्याला ‘पोपटपंची’ म्हणतात आणि फजिती झाली की ‘पोपट झाला’. दोन्ही भाषांनी या पक्षिकुळाला न्याय दिलेला नाही. स्नोबॉल नावाचा अमेरिकेतला एक काकाकुवा गाण्याच्या लयीवर पावले टाकतो, आणि लय जलद किंवा संथ केली तर पावलेही बदलतो, हे २००९ साली अनिरुद्ध पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. २०१९ मध्ये त्याच्या नाचात चौदा निरनिराळ्या हालचाली मोजल्या गेल्या. त्या कोणी शिकवल्या नव्हत्या आणि नाचाबद्दल खाऊही मिळत नव्हता. संशोधकांच्या मते तो माणसांच्या सोबतीसाठी नाचत असावा. व्हिएन्नाजवळच्या फिगारो नावाच्या काकाकुव्याने २०१२ साली पिंजऱ्याच्या लाकडाची ढलपी काढून तिने दूरचा दाणा ओढून घेतला. कॉकाटील एवढा हिकमती नसेल, पण रक्त त्याच घराण्याचे आहे. रिकाम्या पिंजऱ्यात एकटा बसला की त्याची बुद्धी स्वतःचीच पिसे उपटण्यात खर्च होऊ शकते.

ज्यांच्या घरी हा पक्षी आधीच आहे, त्यांच्यासाठी आपल्या गोव्यापुरत्या काही सूचना. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा दाण्यांना बुरशी धरते आणि तिचे विष पक्ष्याला मारते. दाणे थोडे थोडे आणा, कोरड्या डब्यात ठेवा, वास घेऊन मगच द्या. नुसते दाणे पुरत नाहीत. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर द्या. चॉकलेट, चहा, खारट फरसाण आणि अवाकाडो कधीही नको. न चिकटणारी तवी फार तापली तर तिच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. डासांची अगरबत्तीही दूरच बरी. या पक्ष्याच्या अंगातून पांढरी भुकटी झडते, तेव्हा घरात दम्याचा रुग्ण असेल तर आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. रात्री पिंजरा आत घ्या, कारण धामण गजांतून सहज शिरते.

आणि दिवाळी! अंधारात अचानक आवाज झाला की कॉकाटील ससाणा आल्यासारखा पिंजऱ्यात आपटत सुटतो, पंख मोडून घेतो. चवथीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्रीचा तो दणदणाट, या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवा, खिडकी लावा, मिणमिणता दिवा चालू राहू द्या आणि आपला ओळखीचा आवाज त्याला ऐकू द्या. नरकासुर जाळायला सगळे घर बाहेर पडणार असेल, तर आजीला विचारून बघा. आज्या बहुधा घरीच असतात आणि त्यांनाही सोबत हवी असते.

आता अर्जाविषयी. नीट सांभाळला तर कॉकाटील पंधरा ते वीस वर्षे जगतो. आज सातवीत असलेले मूल तेव्हा नोकरीला लागलेले असेल, कदाचित पुण्यात किंवा दुबईत. शाळा दर रविवारी बंद, चवथीला बंद, दिवाळीला बंद, मे महिन्यात बंद. मुलांची आळीपाळी सुट्टीत कोण पाळणार? बंद शाळेत हजेरी घेणाऱ्या पक्ष्याला कोण ओ देणार? साफसफाई जमेल, दाणापाणी शिपाईमामा घालतील, पण तो थव्यातला पक्षी आहे आणि जोडीत असला तरी ज्या माणसांना तो आपले मानतो त्यांना शोधत राहतो. म्हणून शाळेत पिंजरा नको, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र मुलांची इच्छा वाया जाऊ नये. आम्ही मंडळाला दोन गोष्टी सुचवत आहोत. एक, ज्यांच्या घरी कॉकाटील आहेत त्यांची यादी करून, कोणी गावाला गेले तर पक्षी दुसऱ्या ओळखीच्या घरी राहील अशी सोय लावावी. दोन, सातवीने शाळेमागच्या शेवरीवर येणाऱ्या रानकीरांची निरीक्षणवही ठेवावी. वेळ, संख्या, आवाज, काय खाल्ले, सगळे लिहावे. वह्या शाळा देईल.

अर्जावर सह्या करणाऱ्यांनी सोमवारी मधल्या सुट्टीत कार्यालयात यावे. तुमचे म्हणणे आम्ही पुन्हा ऐकून घेऊ आणि आमचे मत पटले नाही तर तसे बेधडक सांगावे. येताना अर्जातल्या त्या चार चुका मात्र दुरुस्त करून आणाव्यात.

आपला,
मुख्याध्यापक