आईबाबांचा फ्लॅट विकताना

भाव उतरवला की घर विकलं जातंच, असं मी कायम ठामपणे म्हणत आले. ओळखीतल्या कुणाचा फ्लॅट पडून असला की माझा सल्ला ठरलेला असे: दोन-चार लाख कमी करा, रंग काढून घ्या, गिऱ्हाईक धावत येईल. आज हा सल्ला मी कुणालाही देणार नाही. निदान जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटसाठी तरी नाहीच.

कोथरूडचा आईबाबांचा फ्लॅट आम्ही भावंडांनी विकायला काढला. ऐंशीच्या दशकातली इमारत, ऐसपैस खोल्या, भरपूर उजेड, खाली मंडई आणि बसस्टॉप. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही हे आधी सांगूनही माणसं बघायला येत. घर आवडल्याचं सांगत, आणि मग त्यांचे फोन बंद होत. एजंट अशांना ‘टाइमपास गिऱ्हाईक’ म्हणतात. मलाही तसंच वाटायचं.

मग एक तरुण जोडपं आलं. बोलणी ८५ लाखांवर ठरली, आणि त्यांच्या बँकेचा व्हॅल्युअर घर बघायला आला. त्या वेळी मी सोबत होते, म्हणून सगळं जवळून पाहता आलं. लेझर मीटर भिंतीला टेकवून तो एकेक खोली मोजत गेला. बाबांच्या करारनाम्यात ७५० चौरस फूट लिहिलंय, ते बिल्टअप. कार्पेट सहाशेच्या आसपास भरलं. हॉलला लागूनची बाल्कनी बाबांनी सरकत्या खिडक्या बसवून बंद करून घेतलेली. आईचं शिवणयंत्र तिथेच असायचं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला नेमकी तीच जागा आवडायची. व्हॅल्युअरनं मंजूर नकाशा पाहिला. नकाशात ती उघडी बाल्कनी होती, म्हणून ती जागा त्यानं खोलीत धरलीच नाही. जिन्यातल्या तुळईवरच्या भेगेचा फोटो घेतला, इमारतीचं वय लिहून घेतलं, आणि निघता निघता विचारलं, “कन्व्हेयन्स झालंय ना?”

झालेलं नाही. प्रॉपर्टी कार्डावर आजही मूळ जमीनमालकाचंच नाव आहे. १९६३च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणे आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची असते. आमच्याकडे ते झालं नाही, आणि कुणी मागेही लागलं नाही. बाबा म्हणत, आपल्या नावावर फ्लॅट आहे, जमिनीशी आपल्याला काय करायचंय? मलाही ते पटत असे. विकत घेणाऱ्याला मात्र जमिनीशी कर्तव्य असतंच, कारण त्याच्या पाठीमागे बँकेचा वकील बसलेला असतो. काही बँका चालवून घेतात, काही फाइल परत करतात.

या जोडप्याच्या बँकेनं फाइल परत केली नाही, पण घराची किंमत ७५ लाख धरली. कर्ज त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६० लाख. उरलेले २५ लाख पदरचे. वर पुण्यातली सात टक्के स्टँप ड्यूटी आणि ३० हजार रजिस्ट्रेशन धरून सव्वाएकतीस लाख रोख. त्यांनी तजवीज केली होती सव्वातेवीस लाखांची. शिवाय इमारतीचं वय बघून कर्जाची मुदत वीस वर्षांची बारा झाली. साडेआठ टक्क्यांनी धरला तर ६० लाखांचा हप्ता ५२ हजारांवरून साडेसहासष्ट हजारांवर जातो. आम्ही तीन लाख उतरवले असते तरी या पोरांचं काय भागलं असतं?

“काकू, घर आम्हाला हवंच होतं,” ती मुलगी फोनवर म्हणाली. त्या दिवसापासून ‘टाइमपास गिऱ्हाईक’ हे शब्द मला ऐकवत नाहीत. आधी आलेल्यांपैकी किती जण असेच आकडे मांडून गप्प झाले असतील.

दुसरं मत बदललं ते रिडेव्हलपमेंटबद्दल. ‘बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे’ हे वाक्य आम्ही जाहिरातीत ठळक टाकलं होतं आणि त्याचे पैसे भावात धरले होते. आता मला ते रास्त वाटत नाही. जमीन सोसायटीच्या नावावर नसताना कुठला बिल्डर तिथे पैसा ओतेल? आणि घेणाऱ्यानं आजच्या जिन्याचे, आजच्या गळतीचे पैसे मोजायचे, की कधीतरी मिळणाऱ्या नव्या फ्लॅटचे? तरुण माणसाची आयुष्यभराची कमाई अशा अनिश्चित आशेवर मागणं मला मनापासून खटकतं.

जाहिरात आम्ही तूर्त काढून घेतली आहे. बाबांच्या पश्चात नॉमिनी म्हणून माझं नाव लागलं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. म्हणून भावांकडून रीतसर हक्कसोडपत्र नोंदवून घेतलं. मोफात २००८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून बिल्डर दाद देत नसला तरी जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी अर्ज करता येतो. सोसायटीच्या सभेत मी तो विषय मांडला. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, “आम्हाला कुठे घर विकायचंय?” मी म्हटलं, “काका, माझ्या बाबांनाही विकायचं नव्हतं.” ठराव मंजूर झाला. सध्या सभासदांच्या इंडेक्स टूच्या, म्हणजे खरेदीच्या सरकारी नोंदीच्या, प्रती गोळा करतेय. परदेशी असलेल्या एका मालकांची प्रत तेवढी यायची आहे.