जपमाळ झाली, पुढे?
आमच्या वसईतल्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी जमते. प्रार्थना होते, गुप्तदानाची थैली फिरते, मग दोघादोघांनी गरजूंच्या घरी जायचं. १८३३ साली पॅरिसमध्ये २० वर्षांच्या फ्रेडरिक ओझानामने मित्रांसोबत हेच सुरू केलं. ‘तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतंय?’ असं त्यांना तोंडावर विचारलं गेलं होतं.

कबूल करतो, गेले तीन महिने मी थैलीत नोट टाकून घरी पळतोय. परवा मिस्सानंतर एक आजोबा भेटले. म्हणाले, ‘पैसे पोचले रे बाबा, पण तू का नाय आलास?’

काय बोलणार? या रविवारी जातोय. सोबत कोण येतंय?