माणसावर विश्वास, पेनड्राइव्हवर नाही

लिनक्सवर पहिल्यांदा पेनड्राइव्ह लावताना पासवर्ड मागितला गेला, की चीड येते. पेनड्राइव्ह माझा, कॉम्प्युटरसमोर बसलोय मी, मग परवानगी कसली?

बुलढाण्यातल्या एका अभ्यासिकेने यावर सोपा उपाय काढला होता. तिथले जुने कॉम्प्युटर विंडोज पेलत नाहीत, म्हणून त्यांवर हलकं लिनक्स आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं पेनड्राइव्हमध्ये पीडीएफ आणणार आणि दर वेळी रूटचा पासवर्ड लागणार. म्हणून तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरलाच चिकटवलेला. मी पुण्याहून सुट्टीत घरी आलो की तिथे डोकावतो. चिठ्ठीबद्दल विचारलं तर काका म्हणाले, "पोरं आपलीच आहेत रे. दहादा मला उठवण्यापेक्षा बरं."

काकांचं खरं होतं, पोरं आपलीच. पण पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून, मित्राच्या लॅपटॉपवरून, कुठून कुठून फिरून आलेला असतो. आणि त्याच मशीनवर कुणाचा अर्ज, कुणाचा फोटो, कुणाच्या सहीचा स्कॅन असतो. रूट झालेला माणूस हे सगळं वाचू शकतो आणि पुसूही शकतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी ते गेलं, तर एखाद्याचं वर्ष जातं.

मुळात माउंट करायला रूट का लागतं? युनिक्समध्ये सी, डी अशा वेगळ्या ड्राइव्ह नसतात. सगळ्या फायलींचं एकच झाड असतं. माउंट करणं म्हणजे त्यावर कलम बांधणं. कुणालाही कुठेही कलम बांधू दिलं, तर तो 'इटीसी' फोल्डरवरच आपली फांदी बसवेल, आणि मग पासवर्डांची यादी त्याची चालेल.

दुसरा धोका सेटयूआयडीचा. डेनिस रिचींची ही कल्पना, १९७९ साली तिला पेटंट मिळालं. असा प्रोग्राम कुणीही चालवला तरी त्याला अधिकार मिळतात फाइलच्या मालकाचे. आता घरच्या लॅपटॉपवर तर आपणच रूट. तिथे रूटच्या मालकीचा असा प्रोग्राम बनवून पेनड्राइव्हमध्ये आणला, तर इथेही आपणच रूट.

म्हणून युनिक्सवाल्यांनी मधला रस्ता काढला. 'एफएसटॅब' फाइलमध्ये एखाद्या ड्राइव्हपुढे 'यूजर' लिहिलं, की साधा वापरकर्ता ती माउंट करू शकतो, पण ठरलेल्या जागीच. सोबत तीन बंधनं आपोआप येतात: त्यावरचा प्रोग्राम चालणार नाही, सेटयूआयडी मानलं जाणार नाही, डिव्हाइस फाइल चालणार नाही. फ्रीबीएसडीमध्ये एक सेटिंग बदललं की सामान्य माणूस माउंट करू शकतो, मात्र स्वतःच्या मालकीच्या फोल्डरवरच.

अभ्यासिकेत रोज नवा पेनड्राइव्ह येतो, त्यामुळे तिथे आम्ही यूडिस्क्स बसवलं. ही सेवा रूटच्या वतीने माउंट करते आणि परवानगीचं पोलकिटला विचारते. समोर बसून लॉगिन केलेल्याला पेनड्राइव्ह विनापासवर्ड मिळतो. तोच माणूस नेटवर्कवरून आला किंवा आतली हार्डडिस्क मागू लागला, तर अॅडमिनचा पासवर्ड लागतो. रूटचा पासवर्ड बदलला आणि चिठ्ठी निघाली.

यानेही सगळं सुरक्षित होत नाही. मुद्दाम बिघडवलेली फाइल सिस्टीम कर्नललाच गंडवू शकते, म्हणून अपडेट टाळून चालत नाही. पण विश्वास म्हणजे एक तर सगळ्या किल्ल्या, नाही तर बंद दार, असं नसतं. आपल्याकडे पाहुण्याला ओसरीवर बसवतात, चहा देतात. धान्याच्या कोठीची किल्ली मात्र कुणी त्याच्या हातात देत नाही, आणि त्यात त्याचा अपमानही होत नाही.