पट्टा आणि प्रत्यय

घड्याळांवर लिहिणारी मंडळी यंत्राविषयी भरभरून लिहितात. माणके किती, एकदा चावी दिली की किती तास चालते, हे सारे त्यांना मुखोद्गत असते. पट्टा मात्र लेखाच्या अखेरीस, किमतीच्या अलीकडे, एका ओळीत उरकला जातो. आम्हांला हा अन्याय वाटतो, कारण मनगटी घड्याळ हा प्रकारच मुळी पट्ट्यामुळे अस्तित्वात आला. १९०४ साली लुई कार्तिए यांनी आपला वैमानिक मित्र आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ याच्यासाठी कातडी पट्ट्याचे घड्याळ घडवले. हवेत असताना दोन्ही हात गुंतलेले, खिशातले घड्याळ काढायचे कोणत्या हाताने? तरीही मनगटावर घड्याळ बांधणे पुरुषांना बरीच वर्षे बायकी वाटत राहिले. ती समजूत मोडली पहिल्या महायुद्धाने. खंदकांतल्या सैनिकांची त्या काळातली अनेक घड्याळे म्हणजे खिशातलीच लहान घड्याळे होती. डबीला दोन बाजूंना तारेच्या कड्या डाख देऊन बसवलेल्या आणि त्यांतून कातड्याची पट्टी ओवलेली. आतले यंत्र तेच होते. एका पट्टीने घड्याळाला कोटाच्या खिशातून काढून चिखलात नेले आणि जाताजाता त्याचे बायकीपणही पुसून टाकले.

आज लाखांच्या घरातली घड्याळे बाळगणारे लोक काही शे किंवा काही हजार रुपयांचा पट्टा बदलून त्याच घड्याळाला लग्नसमारंभाला नेतात आणि दुसऱ्या दिवशी गड चढायलाही. यामागचे शास्त्र फार गहन नाही. चकचकीत, मोठ्या चौकोनी खवल्यांचे मगरीचे कातडे आणि त्याच रंगाची, न दिसणारी शिवण असली की घड्याळ औपचारिक होते. कातडे खरखरीत, चमक नसलेले आणि शिवण जाड, पांढऱ्या दोऱ्याची असली की तेच घड्याळ बाह्या वर करून बसते. नायलॉनच्या पट्टीवर ते शिपाई होते. पट्टा ज्या खाचेत बसतो तिची रुंदी १८ मिलिमीटर असेल तर तेथे १७ चा पट्टा चालत नाही. राहिलेली फट दुरूनही डोळ्यांत खुपते. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटाच्या आरंभी शॉन कॉनरी पांढऱ्या डिनर जॅकेटवर रोलेक्स सबमरीनर पाहतो, ते असेच एका अरुंद, पट्टेदार नायलॉनच्या पट्टीवर बांधलेले आहे. दोन्ही बाजूंच्या पिना उघड्या दिसतात. आजचे शौकीन अशा पट्टीला सरसकट ‘नाटो’ म्हणतात. पण ब्रिटिश संरक्षण खात्याची ज्या करड्या पट्टीपासून हे नाव पडले ती प्रमाणित झाली १९७३ साली, म्हणजे चित्रपटानंतर नऊ वर्षांनी. (वाङ्मयेतिहासातही नंतरची संज्ञा आधीच्या पिढीला चिकटवण्याची आपल्याला सवय आहेच.)

रिव्हर्सो या घड्याळाची गोष्ट तर आपल्या देशाशी जोडलेली आहे. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळात फुटत. त्यावर उपाय म्हणून १९३१ साली पालथी होणारी चौकोनी डबी तयार झाली. पाठीचा पत्रा वर आला की काच सुरक्षित. पुढे हेच घड्याळ काळ्या, गुळगुळीत पट्ट्यावर बसून रात्रीच्या मेजवान्यांना जाऊ लागले आणि त्याचे मैदानाशी असलेले नाते पार विसरले गेले. एकविसाव्या शतकात त्याच्या कर्त्यांनी अर्जेंटिनातल्या कासा फाग्लियानो या पोलोचे बूट शिवणाऱ्या घराण्याकडून त्यासाठी पट्टे करून घेतले. डबी तीच, काटे तेच. बुटाचे कातडे मनगटाला लागताच घड्याळाला घोड्याचा वास येऊ लागला.

विक्रेते म्हणतात, पट्टा बदला आणि नवे घड्याळ मिळवा. हे आम्हांला पटत नाही. पट्ट्याला घड्याळाचा अलंकार मानणारेही आमच्या मते अर्धेच बरोबर आहेत. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवित’मध्ये अलंकार आणि अलंकार्य हा भेद केवळ विवेचनाच्या सोयीपुरता मानला, हे वाचकांना ठाऊक आहेच. पण त्याच्या वक्रतेच्या प्रकारांत प्रत्ययालाही स्थान आहे, याकडे आपले लक्ष कमी जाते. शब्दाच्या टोकाला लागलेल्या एवढ्याशा अक्षराने काव्य उजळते, हे त्याने पाहिले होते. आम्हांला वाटते, पट्टा हा घड्याळाचा प्रत्यय आहे. धातू जागच्या जागी राहतो (श्लेष घडला, तो आम्ही घडवलेला नाही) आणि प्रत्यय त्याचे इतरांशी नाते ठरवतो. शिवाय मराठीत प्रत्यय नुसता जोडला जात नाही. तो लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते, म्हणजे शब्द स्वतःच थोडा बदलतो. पट्टा बदलल्यावर डायलही निराळी दिसते, ती अशी.

याला अपवाद आहेत. जेराल्ड जेंटा याने रेखाटलेले ओडमार पिगेचे रॉयल ओक १९७२ साली आले, तेव्हा ते पोलादी असूनही त्याची किंमत ३,३०० स्विस फ्रँक होती. त्याचा पट्टा डबीतूनच उगवल्यासारखा निमुळता होत जातो. बाजारातला दुसरा पट्टा आणून त्याला लावू म्हटले तर तो बसत नाही. व्याकरणात अशा शब्दाला अव्यय म्हणतात. त्याचा थाट मोठा खरा, पण वाक्यात कोठेही ठेवा, ते आपल्याच रूपात उभे!

आमच्याकडे असलेले घड्याळ अव्यय नाही. आमच्या वडिलांच्या मामांनी बोटीवरच्या नोकरीत असताना १९६३ साली एडनहून त्यांच्यासाठी ओमेगा सीमास्टर आणले. एका मास्तराला ते न शोभणारे होते. त्यावर वडिलांनी स्प्रिंगचा पोलादी पट्टा चढवला आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे तोच ठेवला. त्या पट्ट्यामुळे ते घड्याळ मास्तरांचे झाले. फळ्यावर लिहिताना ते मनगटावरून कोपराकडे घसरे, त्याच्या कड्यांत खडूची भुकटी साचे. ते मौल्यवान आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

२००९ साली वडील गेले आणि घड्याळ आमच्याकडे आले. पट्टा आमच्या हाताला सैल होता. म्हणून पुण्यातल्या एका जुन्या घड्याळजींकडून तांबूस तपकिरी कातडी पट्टा लावून घेतला. त्यांनी पिना बसवून घड्याळ हातावर ठेवले, तेव्हा आम्ही क्षणभर गोंधळलो. पोलादी पट्ट्यावर जी डायल पिवळी पडलेली, मळकी वाटे, ती कातड्याशेजारी हस्तिदंती दिसत होती. काटे सडपातळ झाले होते. महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी किंमत विचारली.

आईने ते हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिले. म्हणाली, “छान दिसतंय रे. पण हे ह्यांचं नाही वाटत.” मग काही वेळाने, “काढताना आवाज येत नाही ना याचा.” संध्याकाळी वडील घरी आले की घड्याळ मनगटावरून ओढून काढत, त्या पट्ट्याच्या कड्या चर्रकन मिटत, आणि स्वयंपाकघरात आई चहाचे आधण ठेवी. हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. तो आवाज म्हणजे खूण आहे हे त्या दिवशी कळले. षष्ठीचा प्रत्यय स्वामित्व दाखवतो असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. आईचा ‘ह्यांचं’ मधला प्रत्यय त्या कड्यांत होता.

पट्टा बदलून घड्याळ आमचे झाले, हे खोटे नाही. ते पहिल्याने देखणे दिसले, हेही खोटे नाही. पण त्यासाठी कोणाचे तरी काही काढून घ्यावे लागले, आणि ते काढून घेताना आम्हांला फक्त दोन पिना दिसल्या होत्या.

जुना पट्टा आईने मागून घेतला. तो तिच्या कपाटात, वडिलांच्या चष्म्याच्या डबीत असतो. आम्ही पिना काढण्याचे लहानसे हत्यार विकत आणले आहे. सुट्टीत आईकडे गेलो की पहिल्या दिवशी पट्टा बदलतो. सरावाने आता दहा मिनिटेही लागत नाहीत. मग घड्याळ दिवसभर कोपराकडे घसरत राहते आणि हातावरचे केस त्या कड्यांत अडकून चिमटे बसतात.