टक्... टक्... टक्...

हॉस्टेलवर कुणाचा लॅपटॉप बिघडला की सल्ले ठरलेले असतात. पहिला, 'रिस्टार्ट कर'. दुसरा, 'फॉरमॅट मार'. तिसरा, 'जाऊ दे यार, पार्ट बदलून टाक'. मेसच्या रांगेत ताट हातात येईपर्यंत तिन्ही सल्ले फुकट मिळून जातात. यातला तिसरा सल्ला दिसतो तितका सोपा नसतो, हे मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका पस्तीस वर्षांच्या फ्लॉपी ड्राइव्हनं शिकवलं. त्याचीच ही गोष्ट.

आमचे काका नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये होते. तिथे १९८९ साली त्यांनी 'अमिगा ५००' नावाचा कॉम्प्युटर घेतला. कमोडोर कंपनीनं तो १९८७ मध्ये बाजारात आणला होता. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकाच डब्यात, आत मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, वेग साधारण ७ मेगाहर्ट्‌झ आणि मेमरी ५१२ केबी. हसू नका! आपल्या ग्रुपवर रोज येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा कधी कधी त्या मेमरीत मावणार नाही. पण ज्या काळात साधा पीसी फक्त 'बीप' करायचा, त्या काळात हा पठ्ठ्या चार चॅनेलचा स्टिरिओ आवाज काढत होता. हार्ड डिस्क नाही. जे काही आहे ते साडेतीन इंची फ्लॉपीवर.

१९९३ साली काका सांगलीला परत आले. अमिगा खोक्यात बंद होऊन बोटीनं आला. पुढे १९९४ मध्ये कमोडोर कंपनीच दिवाळखोरीत गेली, पण काकांचं मशीन चालूच राहिलं. २०२१ मध्ये काका गेले आणि अमिगा माळ्यावर गेला.

गेल्या मे महिन्यात काकूंनी तो खाली काढायला लावला. म्हणाल्या, "अरे, तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना? हे चालू होतंय का बघ. तुझ्या आजीचा आवाज आहे त्यात."

मी उडालोच. आजी १९९७ साली गेली, माझ्या जन्माच्या आधी. घरात तिचे फोटो आहेत, नऊवारी आहे, जातं आहे; पण आवाज कुठेच नाही. काकांनी प्रिंटरच्या पोर्टला एक छोटी डबी जोडून तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. डबीत काय? आपण व्हायव्हाला ज्याच्यावर अडकतो तोच, ए-टू-डी कन्व्हर्टर, आठ बिटचा. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी एक बाइट. फ्लॉपीची क्षमता ८८० केबी. म्हणजे एका डिस्कवर फार तर पावणेदोन मिनिटं. डिस्कच्या लेबलवर काकांचं अक्षर : 'आई, ओव्या, दिवाळी १९९४'.

मशीन चालू केलं. स्क्रीनवर फ्लॉपी धरलेला हात आला आणि सुरू झालं टक्... टक्... टक्... घाबरू नका, रिकामा अमिगा असाच बोलतो. डिस्क काढली की ड्राइव्ह 'डिस्क बदलली' असा सिग्नल धरून ठेवतो. नवी डिस्क आली का हे कळायला हेड एक पाऊल हलवून बघावं लागतं. त्याचीच ती टकटक. पण डिस्क घातल्यावर टकटकीच्या जागी 'खर्रर्र' ऐकू आलं आणि पाठोपाठ वाचता येत नसल्याचा संदेश. ओव्यांची डिस्क मी अजून हातातच ठेवली होती.

रूम पार्टनरला फोन केला. त्याचं उत्तर ठरलेलं : "ड्राइव्ह बदल!"

सुट्टी संपल्यावर सगळं खोकं हॉस्टेलवर आणलं आणि लॅबमधल्या सरांना दाखवलं. सरांनी ड्राइव्हकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "कुठली डिस्क कुठे वाचली जाते, त्याचा तक्ता करून आण."

त्यासाठी दुसरा, चांगला ड्राइव्ह लागणार होता. पीसीचा जुना ड्राइव्ह मिळाला, पण अडचण अशी की पीसीचा फ्लॉपी कंट्रोलर अमिगाची डिस्क वाचू शकत नाही. पीसी त्याच डिस्कवर एका ट्रॅकला ९ सेक्टर लिहून ७२० केबी भरतो, अमिगा ११ सेक्टर कोंबतो. म्हणून 'ग्रीझविझल' नावाचं छोटं सर्किट मागवलं. ते यूएसबीला जोडतात. डिस्कवरचं चुंबकीकरण किती वेळानं उलटतं एवढंच ते मोजून घेतं, अर्थ नंतर सॉफ्टवेअरनं लावायचा. सगळ्या डिस्कची खिडकी उघडून त्या राइट-प्रोटेक्ट केल्या. जुन्या ड्राइव्हचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, हेड पुढेमागे नेणाऱ्या स्क्रूवरचं वाळून घट्ट झालेलं ग्रीस काढून नवं लावलं. खर्रर्र थांबलं. मग एकूण २४ डिस्क दोन्ही ड्राइव्हवर लावल्या.

तक्ता बघून अंगावर काटा आला. इंग्लंडमध्ये लिहिलेल्या १५ डिस्क चांगल्या ड्राइव्हवर सुरळीत, जुन्यावर अडखळत. भारतात आल्यावर लिहिलेल्या ९ डिस्क नेमक्या उलट्या : चांगल्या ड्राइव्हवर जवळजवळ काहीच नाही, जुन्यावर बऱ्यापैकी!

सर हसले. "बोटीच्या प्रवासात हेड सरकलं असणार. तेव्हापासून हा ड्राइव्ह स्वतःच्याच वाकड्या रेघेत लिहीत आलाय. आता तूच सांग, याला सरळ केलास किंवा फेकून दिलास, तर त्या नऊ डिस्क कोण वाचणार?"

हे नीट समजून घ्या. साडेतीन इंची डिस्कवर इंचाला १३५ ट्रॅक असतात, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये ०.१९ मिलिमीटर सुद्धा अंतर नाही. हेड त्याच्या एखाद्या हिश्शानं सरकलं तरी लिखाण शेजारच्या पट्टीत जातं. लिहिणारा आणि वाचणारा एकच असेल तर काही बिघडत नाही, दोघंही सारखेच वाकडे. म्हणून तर काकांना कधी कळलंच नाही.

तेव्हा क्रम ठरला : आधी वाचून घ्यायचं, बदलायचं शेवटी. जुना ड्राइव्ह ग्रीझविझलला जोडला आणि नऊच्या नऊ डिस्क पुन्हा पुन्हा वाचल्या. सांगलीच्या पावसाळ्यांनी काही डिस्कवर बुरशी धरली होती, त्यामुळे दर डिस्कनंतर हेड पुसायचं. सबमिशनच्या आठवड्यात रात्री दीडला आमच्या रूममधून टकटक यायची. शेजारच्यांनी काय काय समज करून घेतले ते इथे छापण्यासारखे नाहीत.

नऊपैकी सात डिस्क पूर्ण मिळाल्या, एक गेलीच. ओव्यांच्या डिस्कचे दोन ट्रॅक शेवटपर्यंत वाचले गेले नाहीत. तिथे शून्यं भरली. एका बाजूच्या एका ट्रॅकवर साडेपाच हजारांच्या आसपास बाइट, म्हणजे प्रत्येकी पाऊण सेकंदाहून थोडी कमी शांतता.

गणपतीत घरी जाऊन फाइल लावली. घरघर भरपूर, आठ बिटमध्ये दुसरं काय होणार! त्या घरघरीतून एक पातळ, जरा नाकातला आवाज आला. माझी आत्या हुबेहूब तशीच बोलते. मध्येच मागून कुणीतरी ओरडलं, "आई, दूध उतू चाललंय!" काकू म्हणाल्या, "हे तुझे बाबा." बाबा काही बोलले नाहीत. उठून दाराशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "परत लाव."

त्यानंतर ड्राइव्ह बदलला. यूएसबीवर चालणारा, फ्लॉपीचं सोंग घेणारा ड्राइव्ह मिळतो, पण काकूंना टकटक हवी होती. म्हणून पीसीचाच ड्राइव्ह बसवला. तो 'ड्राइव्ह १' म्हणून सेट असतो, अमिगाला 'ड्राइव्ह ०' लागतो. 'डिस्क बदलली' हा सिग्नल पीसीत ३४ नंबरच्या पिनवर येतो, अमिगाला तो २ नंबरवर हवा आणि ३४ वर 'तयार आहे' असा निरोप. म्हणजे थोडं सोल्डरिंग, आणि डिस्क बाहेर काढायचं बटण डब्याच्या खाचेत बसेना म्हणून थोडं कानशीनं घासणं. जुना ड्राइव्ह मात्र फेकला नाही. चिठ्ठी लावून ठेवलाय : '१९९३ नंतरच्या डिस्कसाठी. सरळ करू नये.'

मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की माळा बघा. हीच भानगड कॅसेटचीही असते. हेड वाकडं असलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट दुसऱ्या टेपवर मंद, घोगरी वाजते. तेव्हा जुना टेप, बटणांचा मोबाईल, बंद पडलेला कॉम्प्युटर भंगारवाल्याला देण्याआधी घरच्यांना एकच विचारा : याच्यात काय आहे? आणि जे असेल ते त्याच्यावरच आधी वाचून घ्या. मशीन नवीन मिळतं हो, चोरबाजारातसुद्धा मिळतं.