पहारा आणि किल्ली

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात शिरताच पाहणाऱ्याची दृष्टी खिळते ती शस्त्रागाराच्या उंच मनोऱ्यावर. नायक राजांनी उभारलेल्या या वाड्यात व्यंकोजीराजांच्या घराण्याने सुमारे पावणेदोनशे वर्षे वास्तव्य केले. अशा मनोऱ्यावर उभ्या राहणाऱ्याला तटाबाहेरची वाट दिसते, तशी वाड्याची आतली अंगणेही दिसतात. पहारेकऱ्याचे पद मोठे विलक्षण असते. त्याला सर्व काही पाहू द्यावे लागते; पाहिलेले त्याने पोटात ठेवावे, एवढीच अपेक्षा असते.

मनोऱ्यापासून जवळच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांबरोबरच राजघराण्याची मोडी कागदपत्रेही तंजावरने जपली आहेत. सरफोजीराजे दुसरे यांनी ‘धन्वंतरी महाल’ या नावाने वैद्यकीय संस्था चालविली होती. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या व्याधी आणि उपचार यांच्या नोंदी या ग्रंथालयात आढळतात. ज्याची दृष्टी अंधुक झाली होती, त्याने विश्वासाने आपली व्यथा सांगितली. ती लिहिली गेली उपचारासाठी, विक्रीसाठी नव्हे.

याच वाड्याने रक्षणाचा दुसरा अर्थही अनुभवला. १७९९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने तंजावरचा कारभार आपल्या हाती घेतला आणि राजाकडे किल्ला व त्याचा परिसर एवढेच राहिले. १८५५ मध्ये शिवाजीराजे दुसरे पुत्राविना निवर्तले. पुढल्या वर्षी कंपनीचा अधिकारी शिपाई घेऊन वाड्यात आला. राज्य तर गेलेच होते. आता खासगी मालमत्तेवरही मोहरा लागल्या आणि पहारे बसले. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी न्यायालयात दाद मागितली. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. ही राज्यसत्तेची कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे न्यायालयाने पाहावयाचे नाही, असा त्या निकालाचा आशय होता. १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता सोडून दिली, ती कृपा म्हणून. हक्क म्हणून नव्हे. ज्यांच्या हाती रक्षण सोपविले, त्यांनीच दाराला मोहर लावली तर तक्रार कोठे न्यावी?

आज सामान्य माणसाचाही एक दप्तरखाना असतो. तो त्याच्या संगणकात आणि भ्रमणध्वनीत सामावलेला असतो. कोणत्या आजाराविषयी त्याने वाचले, कोठे नोकरी शोधली, कर्जासाठी कोणाची दारे ठोठावली, देवाधर्माविषयी काय धुंडाळले, हे सारे तेथे नोंदले जाते. या दप्तरखान्यात विषाणू आणि चोर शिरू नयेत म्हणून मनुष्य संरक्षक प्रणाली बसवितो. धोकादायक संकेतस्थळाची सूचना द्यावयाची, तर प्रत्येक संकेतस्थळाचा पत्ता तिला तपासावाच लागतो. म्हणजे सगळ्या दालनांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात.

‘अव्हास्ट’ ही अशीच एक प्रसिद्ध कंपनी. प्राग शहरात वाढलेल्या या कंपनीची विषाणुरोधक प्रणाली जगभर कोट्यवधी लोक वापरीत. वापरणाऱ्यांनी कोणकोणती संकेतस्थळे पाहिली याची माहिती ती गोळा करी आणि २०१४ पासून ‘जंपशॉट’ या आपल्या उपकंपनीमार्फत शंभराहून अधिक कंपन्यांना विकी. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हा व्यवहार उघडकीस आणला आणि त्याच महिन्यात जंपशॉट बंद करण्याची घोषणा झाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. नावे वगळली होती, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु कोणत्या क्षणी कोणते पान उघडले याची सलग नोंद असेल, तर नाव नसलेला माणूसही ओळखता येतो. पाऊलखुणांवर नाव लिहिलेले नसते. तरी त्या घरापर्यंत पोहोचवितातच.

येथे पुन्हा सरस्वती महालाची आठवण होते. १९१८ मध्ये राजघराण्याच्या वंशजांनी हा ग्रंथसंग्रह लोकांसाठी खुला केला आणि त्याच्या संवर्धनासाठी धनही दिले. तेव्हापासून परके अभ्यासक या घराण्याचे ग्रंथ चाळीत आले. त्याला कोणी लूट म्हणत नाही. १८५६ मध्येही दार परक्यांच्या स्वाधीन झाले आणि १९१८ मध्येही दार परक्यांसाठी उघडले. दोहोंतील अंतर एकाच शब्दाचे आहे : संमती. जी संमती लांबलचक अटींच्या मजकुरात दडवून, वाचू न देता घेतली जाते, ती संमती नव्हे.

कामाक्षीबाईसाहेबांना जो आधार लाभला नाही, तो आजच्या नागरिकाला काही अंशी लाभला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. तथापि, कायदा उंबरठ्याबाहेर उभा असतो; किल्ली देणारा हात घरातलाच असतो. ती देण्यापूर्वी, चोराला अडविणारा हा पहारेकरी स्वतः कशावर उदरनिर्वाह करतो, एवढे तरी त्या हाताने विचारावे. मोबदला न घेता राखण करणाऱ्याचे वेतन कोणीतरी देतच असते.